बाईंना खोली नाकारणाऱ्या माझ्या गावाला

प्रति,
शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष व सदस्य, ग्रामपंचायत सदस्य, युवक मंडळ आणि समस्त ग्रामस्थ

स.न.वि.वि.

मंगळवारी रात्री देवळाच्या मंडपात बैठक झाली, तेव्हा मी मागे खांबाला टेकून बसलो होतो. ठराव वाचून झाला. मी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. घरी आल्यावर ताट वाढलेलं तसंच राहिलं. आयुष्यभर पोरांना 'उठून बोल' म्हणून दटावणाऱ्या मास्तरानं साठीत असं मुकं बसावं, याची लाज वाटली. म्हणून तेव्हा बोललो नाही ते आता लिहितो. समितीला बंद पाकिटात देता आलं असतं, पण ठराव उघड्यावर झाला आहे, तर उत्तरही उघड्यावरच असू दे.

ठरावात दोन गोष्टी होत्या. आपल्या मराठी शाळेतल्या कन्नड बाईंची ताबडतोब बदली करावी, असं निवेदन शिक्षण खात्याला द्यायचं, ही एक. दुसरी कागदावर आली नाही, पण उठता उठता ठरली: त्यांना गावात कुणी खोली द्यायची नाही. ज्या घरी त्या राहत होत्या त्या घरानं उन्हाळ्यातच त्यांना सामान हलवायला सांगितलं होतं. शाळा सुरू झाल्यापासून बाई बेळगावातून दोन बस बदलून येतात. पावसात फाट्यापासून चालत येताना त्यांना तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. मीही पाहिलं आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे 'हा कन्नडवाल्यांचा झाला' हे बोलायची तसदी वाचेल. १९८६ च्या जूनमध्ये मी कॉलेजात होतो. कन्नडसक्तीविरुद्ध आपला भाग रस्त्यावर आला त्यात मीही होतो, पाठीवर लाठीही खाल्ली. यंदाही १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर फूल वाहून आलो. आपल्यातले पाचसहा जण तिथं भेटलेही. १ नोव्हेंबरला काळी पट्टी बांधतो. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख पेपरात आली की कात्रण ठेवतो. नाव २०१४ साली बदललं, तरी तोंडात अजून बेळगावच येतं. आपली शाळा मराठी राहिली पाहिजे, यात माझं तुमच्याशी तसूभरही भांडण नाही. भांडण एवढंच आहे, की आपण दार चुकलो आहोत. खात्याच्या दारात घालायचा हिसका आपण भाड्याच्या खोलीच्या दारात घातला.

आणि मला हे कळतं, कारण मी स्वतः अकरा वर्षं परक्या मुलखात परका मास्तर होतो.

२००१ साली मी मालदीवला गेलो, हे गावाला माहीत आहे. 'फॉरेनला गेला, पैसा केला, विहीर पाडली, घराला स्लॅब घातला' एवढीच ती गोष्ट गावात फिरते. विहीर पाडली हे खरं आहे. विनाअनुदान शाळेत नऊ वर्षं नोकरी करून हातात काही पडत नव्हतं, म्हणून गेलो, यातही लपवण्यासारखं काही नाही. पण पहिल्या वर्षी तिथं माझं काय झालं होतं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

बेळगावहून बंगळूर, तिथून त्रिवेंद्रम, त्रिवेंद्रमहून विमानानं माले आणि मालेहून रात्रभर बोटीनं एक बेट. आपलं बेळगाव समुद्रापासून अडीच हजार फूट उंच. तिथं सबंध देशात माणसापेक्षा फार उंच अशी नैसर्गिक जागा नाही. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं. डोंगर नाही, ओढा नाही, बैल नाही. प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी, कारण विहिरीचं मचूळ. सकाळी मासा, दुपारी मासा, रात्री मासा. मी खाणारा माणूस, पण आपलं खाणं म्हणजे रविवारचं कोंबडं. आणि सोमवार तर पाळायचाच. शुक्रवार-शनिवार सुटी आणि रविवारी शाळा, याचीसुद्धा शरीराला सवय लागायला सहा महिने गेले. रविवारी सकाळी फळ्यासमोर उभं राहिलं, की कुणीतरी चुकून उठवून आणल्यासारखं वाटायचं. तिथल्या कायद्यात दुसऱ्या धर्माची उघड उपासना बसत नाही. गणपतीत खोलीचं दार लावून मनातल्या मनात आरती म्हणायचो. तोंडानं म्हणायची नाही, टाळी वाजवायची नाही.

हे सगळं सोसता आलं असतं. शाळेतलं सोसवत नव्हतं.

मी गणित शिकवत होतो, इंग्रजी माध्यमातून. आणि पोरांना माझं एक अक्षर कळत नव्हतं. आपण बेळगावकडची माणसं इंग्रजी बोलतो तेही मराठीच्या चालीवर, हे मला तिथं कळलं. मी त्रिकोणाचे कोन सांगायचो आणि मागच्या बाकावरची पोरं माझ्या 'अँगल'ची नक्कल करून एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायची. चार महिन्यांत पालकांची तक्रार गेली. हुबेहूब आपल्या ठरावातलं वाक्य: शिक्षकाची भाषा मुलांना समजत नाही, शिक्षक बदलून द्यावा. माझ्याबरोबर आलेला एक केरळचा सोबती असल्याच तक्रारीला कंटाळून मिळेल त्या बोटीनं परत गेला होता. माझाही अर्ज लिहून उशाखाली तयार होता.

त्या काळी बेटाच्या प्रमुखाला कतीब म्हणत. आपल्याकडचा पाटील समजा. तक्रार त्यांच्याकडे गेली होती. एका संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले, पत्र्याच्या पेटीवर बसले आणि शाळेचा विषयच काढला नाही. विचारलं, जेवण कोण करतं? मी म्हणालो, मीच, स्टोव्हवर. रात्री बोलायला कोण असतं? मी म्हणालो, कुणी नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एक खिडकी होती, ती शाळेच्या भिंतीकडे उघडायची. बराच वेळ काही न बोलता बसले आणि गेले.

चौथ्या दिवशी माझं सामान एका घरी हलवलं. कोळ्याचं घर. अंगणाला लागून बाहेरची एक खोली, समोर शेवग्याचं झाड. शेवगा बघून मला काय वाटलं ते सांगत नाही, हसाल. घरात आजी, नवरा-बायको आणि तीन पोरं. भाषेचा पत्ता नाही. घरातली बाई सकाळी मासा, किसलेलं खोबरं, कांदा आणि मिरची कालवून चपातीसोबत पुढं ठेवायची. त्या चपातीला ते रोशी म्हणतात आणि त्या कालवणाला मास हुनी. मासा म्हणजे मास, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

धाकटा मुलगा तिसरीत होता. एकदा अंगणात शिंपले मोजत बसला होता: एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवए, दिहए. प्रत्येक आकड्याच्या शेवटी घशात एक बारीक झटका. मी ऐकत राहिलो. एक, दोन, तीन, चार... हे तर आपलेच! पाचाचं फहे का झालं म्हणून डोकं खाजवलं, मग ध्यानात आलं की त्यांच्याकडे आपला 'प' सरसकट 'फ' होतो. पाण्याला फेन, पोथीला फोइ. त्यांची भाषा संस्कृताच्याच गोतातली, सिंहलीची जवळची बहीण, हे मला नंतर शाळेच्या ग्रंथालयात वाचायला मिळालं. पण ते मला आधी शिंपल्यांनी सांगितलं होतं.

त्या मुलानं मला त्यांची लिपी शिकवली. थाना म्हणतात तिला, उजवीकडून डावीकडे. गणिताच्या मास्तराला तिच्यात एक गंमत सापडली ती सांगतोच, विषयाला थोडं सोडून आहे. या लिपीतली पहिली नऊ व्यंजनं १ ते ९ या अरबी अंकांवरून घडवलेली आहेत आणि पुढची नऊ त्यांच्या जुन्या देशी अंकांवरून. ज्या लोकांनी आकड्यांची अक्षरं केली त्यांच्या पोरांना गणित येत नाही म्हणणारा मी कोण? दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट मी मोडक्यातोडक्या त्यांच्याच भाषेत सांगितली. पाच वाक्यांत सात चुका केल्या. पोरं पोट धरून हसली. पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसत होती, एकमेकांकडे बघून नाही. एका मुलीनं उभं राहून माझं क्रियापद सुधारलं. मी फळ्यावर तिचं क्रियापद लिहिलं. त्यानंतर रोज तासाची पहिली पाच मिनिटं पोरं मला शिकवत आणि उरलेली पस्तीस मी त्यांना.

कतीबांनी तक्रारीचं काय केलं? शाळेतल्या एका स्थानिक शिक्षिकेला महिनाभर माझ्या तासाला मागं बसवलं. अडलं की ती दोन शब्दांत पोरांना सांगायची. बास, एवढंच. पुढची दहा वर्षं माझ्याविरुद्ध तक्रार गेली नाही.

मन कधी लागलं, ती तारीख सांगता येत नाही. घरातली आजी पावसाचा हिशेब करायची: केती, रोआनु, मियाहेलिया, अदा. तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र. आपली कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्राच ती, फक्त भातलावणीऐवजी मासेमारीला जोडलेली. आमचे वडील उंबऱ्यात बसून मृगाचं वाहन कोणतं हे विचारायचे. इथं आजी बंदराकडे बघून मियाहेलिया कोरडं जाणार म्हणायची. संध्याकाळी किनाऱ्यावर लोखंडी नळ्यांना दोऱ्यांची जाळी बांधलेल्या खुर्च्या असतात, त्यांना ते जोली म्हणतात. आपली झोळीच, फक्त बसायची. त्यात पाय सोडून बसायचं, येणारा-जाणारा विचारणार, हाल कसा? आपण म्हणायचं, बराबरु. तिसऱ्या वर्षी सुटीत गावी आलो तेव्हा आईनं विचारलं, "तिकडं बरं हाय न्हवं रं?" मी म्हणालो, "बराबरु." आईला वाटलं बराबर म्हणालो. मी कुठल्या भाषेत बोललो ते माझं मलाच कळलं.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा मी सुटीत इथं होतो. पंचायतीजवळच्या टीव्हीवर बघत होतो आणि तुमच्यापैकी काही जण म्हणाले, नशीब, वाचलास. खरं आहे. पण मला त्या शेवग्याची आणि आजीची काळजी लागून राहिली होती. परत गेलो तर माणसं शाबूत होती, विहिरी खाऱ्या झाल्या होत्या, शेवगा वाळला होता.

२००६ साली वडील गेले. निरोप दुपारी आला. बोट दुसऱ्या दिवशीची. माले, त्रिवेंद्रम, बंगळूर करत घरी पोचलो तो पाचवा दिवस होता. दिवस करून परत गेलो, तर बंदरावर त्या घरची माणसं उभी होती. घरातल्या बाईनं सात दिवस अंगणात पंखा लावून चहा ठेवला आणि बेटावरचा माणूस न् माणूस येऊन माझ्याजवळ बसून गेला. त्यांना माझ्या वडिलांचं नावही माहीत नव्हतं. सोमवारी मी मासा खात नाही हे त्या बाईनं कुणी न सांगता हेरलं होतं. अकरा वर्षं दर सोमवारी बटाट्याची भाजी आली.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. करार दोन वर्षांचा, पुढचा मिळेल की नाही याची धाकधूक कायमची. स्थानिकांच्या आणि आमच्या वागणुकीत फरक होता, कधीकधी बोचरा. पण मी तिथं समाधानानं राहिलो, आणि शिकवण्याच्या आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम तिथंच झालं. ते माझ्या हुशारीनं झालेलं नाही. एका गावानं ठरवलं की आलेल्या मास्तराला आधी घर द्यायचं, म्हणून झालं.

आता आपल्या ठरावाकडे येतो. त्यातलं काय मला मान्य नाही, ते एकेक सांगतो.

पहिलं. शाळेत पहिली ते पाचवी मिळून चाळीसच्या वर पोरं आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक असायलाच हवेत. मुख्याध्यापक निवृत्त झाले, ती मराठीची जागा रिकामी. अतिथी शिक्षक कधी मिळतो, कधी शाळा अर्धी सरल्यावर मिळतो. म्हणजे आज शाळेचं कुलूप रोज उघडतं ते एका माणसामुळे, आणि ते माणूस म्हणजे या बाई. त्यांची नेमणूक कन्नड विषयापुरती आहे. गणित आणि परिसर अभ्यास त्या अंगावर घेतात, कारण दुसरं कुणी नाही. आपल्या निवेदनात 'मराठी शिक्षक द्या' ही ओळ कितवी आहे ते बघा. शेवटून दुसरी. पहिल्या चार ओळी 'या बाई नकोत' यावर खर्ची पडल्या आहेत. खात्याला यापेक्षा सोपं निवेदन कुठलं? बाईंची बदली करतील, तुमची मागणी मान्य केली म्हणतील, आणि जागा एकाऐवजी दोन रिकाम्या होतील. मग शेजारच्या गावच्या शाळेत पोरं घाला, हे सांगायला कितीसा वेळ लागतो?

दुसरं. 'बाईंना पाढे येत नाहीत.' मी जाऊन बसलो त्यांच्या वर्गात, दोन दिवस. पाढे येतात. त्या अडखळतात ते एकोणसाठ, चौऱ्याहत्तर, एकोणनव्वद यांवर. कन्नडमध्ये एकवीसला इप्पत्तोंदु, म्हणजे वीस-एक. एकोणसाठला ऐवत्तोंबत्तु, पन्नास-नऊ. सरळ रस्ता. मराठीत एक ते शंभर प्रत्येक आकड्याला वेगळं नाव पाठ करावं लागतं. आपल्याच पोरांना ते जड जातं, म्हणून २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' घातलं आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. जे पुण्याच्या पोराला जड, ते बागलकोटकडून आलेल्या बाईंना सहा महिन्यांत तोंडपाठ हवं, हा कुठला न्याय? दुसरी त्यांची चूक लिंगाची. 'तो खुर्ची' म्हणतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. आपल्याकडे खुर्ची बाई, पाट बाप्या आणि टेबल 'ते', याला कारण विचारलं तर तुम्ही-मी काय सांगणार आहोत?

त्या वर्गात मी आणखी एक पाहिलं. कन्नडच्या तासाला बाईंनी फळ्यावर तुप्प, अक्क, अण्ण लिहिलं आणि विचारलं, तुमच्या घरात यातलं काय काय आहे? पोरं ओरडली, तूप, अक्का, अण्णा! माझ्या शिंपल्यांची मला आठवण झाली. हे शिकवणं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. तरीही त्या तासात मागच्या बाकावर त्यांच्या 'च'ची नक्कल चाललीच होती. ती पोरांनी घरी ऐकलेली आहे. कुठल्या घरी, ते मी लिहीत नाही.

तिसरं, खोली. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे. आपल्या गावचे किती तरुण आज पुण्यात, गोव्यात, आखातात आहेत? दर चार घरांमागे एक तरी असेल. त्यांना तिथं कुणीतरी खोली दिली आहे. कन्नड सक्ती नको म्हणून आपण लढलो, तेव्हा ज्यांच्याविरुद्ध लढलो ते सरकार होतं. एकट्या राहणाऱ्या, महिन्यातून एकदा आईला भेटायला जाणाऱ्या एका शिक्षिकेला उघड्यावर घालून सीमाप्रश्न एक इंचभर पुढं सरकणार असेल, तर कुणीतरी मला समजावून सांगा.

शिक्षण खात्यालाही या पत्राची एक प्रत जाईल, तेव्हा त्यांनाही दोन शब्द. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं कलम ३५०-अ सांगतं. १९५६ साली, आपण ज्या वर्षी या राज्यात आलो त्याच वर्षी, ते घटनेत आलं. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड आहे की नाही हे मोजायला तुमची माणसं टेप घेऊन येतात; शाळेत मराठी शिक्षक किती टक्के आहेत हे मोजायला मात्र वर्षानुवर्षं कुणी येत नाही. आणि मराठी शाळेवर कन्नड शिक्षिका धाडताना तिला एक दिवसाचं मराठी तुम्ही शिकवलं नाही, एक शब्दसंग्रह हातात दिला नाही. तिला आणि गावाला समोरासमोर उभं केलं आणि बाजूला झालात. परिपत्रकं निव्वळ कन्नडमध्ये येतात, ती समितीला वाचून दाखवायचं कामही तिच्याच गळ्यात. म्हणजे गावाला न आवडणारी प्रत्येक बातमी तिच्याच तोंडून.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

समितीनं निवेदनातल्या पहिल्या चार ओळी काढाव्यात आणि शेवटून दुसरी ओळ पहिली करावी: मराठीची रिकामी जागा मराठी शिकलेल्या शिक्षकानं भरा, आणि तोवर अतिथी शिक्षक शाळा उघडतानाच द्या, त्याचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. असं निवेदन झालं, तर पहिली सही माझी. बेळगावला मोर्चा न्यायचा असेल तर गुडघे दुखत असले तरी येईन. खात्यानं मराठी शाळांवर जाणाऱ्या कन्नड शिक्षकांना किमान पंधरा दिवस मराठीची ओळख करून द्यावी आणि सूचना मराठीतही पाठवाव्यात. युवक मंडळानं, दरवर्षी गावात साहित्य संमेलनाचा मांडव घालणाऱ्यांनी, आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणा शिकलेल्या मुलीला बाईंकडे मराठी बोलायला पाठवावं. तीही चार शब्द कन्नड शिकेल, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल. हा व्यवहार म्हणूनही तोट्याचा नाही. शाळेच्या तासाला मागं बसून मदत करायला मी रिकामा आहे, समितीनं परवानगी द्यावी.

आणि खोलीचा ठराव, जो कागदावर नाहीच, तो विसरून जावा.

तुम्ही विचाराल, एवढा कळवळा आहे तर स्वतःच्या घरात का ठेवलं नाही? बरोबर आहे. उन्हाळ्यात विचार आला होता. मुलगा म्हणाला, गावाशी वाकडं कशाला? सून काही बोलली नाही. मी त्यांच्या आड लपलो. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सुनेनंच पुढच्या खोलीतली रताळ्याची पोती मागच्या पडवीत टाकली आणि मुलाकडे बघत मला म्हणाली, "मामा, चुना आणा."

चुना मारून झाला आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत, एक रस्त्याकडे, एक परसाकडे. शनिवारी सकाळची शाळा असते, बाई पावणेआठच्या बसनं फाट्यावर उतरतात. मी छत्री घेऊन तिथं असेन. सामान फार नाही म्हणतात, एक ट्रंक आणि शेगडी आहे. ती बेळगावहून आणायला कुणाचा टेम्पो मिळाला तर डिझेलचे पैसे मी देईन.

आपला,
गावातलाच एक निवृत्त गणित शिक्षक